बागुल मॅडमनी स्वतःचं स्थळ नोंदवलं

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर तो माणूस नीट कळलेला असावा लागतो आणि भाषाही हाताशी असावी लागते. माझ्याकडे दोन्ही अर्धंमुर्धंच आहे. घरात आम्ही अहिराणी बोलतो, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. मराठी मी महापालिकेच्या शाळेत शिकलो, तेवढीच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही कुणी नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

तरी लिहितो आहे, कारण ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांनी दुसरंच काहीतरी लिहून ठेवलं. सुरतेतल्या आमच्या समाजमंडळाने स्मरणिका काढली. त्यात त्या वर्षाच्या अहवालात एक वाक्य आहे, ‘वधू-वर नोंदणीसंबंधी काही गैरसमज निर्माण झाले होते, ते दूर करण्यात आले.’ गैरसमज म्हणजे आमच्या बागुल मॅडम. दूर करण्यात आले, ते त्यांनाच.

निर्मला बागुल आमच्या कॉलेजात बीसीएच्या वर्गाला नेटवर्क आणि सिक्युरिटी शिकवायच्या. उंच, किडकिडीत, चाळिशी ओलांडलेल्या. साडी कायम एक वीत वर आणि पायात पुरुषी सँडल. मूळच्या शिरपूरकडच्या, राहायला गोडादऱ्यात, आमच्याच सोसायटीत. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. वर्गात मराठी-हिंदी-गुजराती मिसळून बोलायच्या, पण चिडल्या की सरळ अहिराणीत यायच्या. त्यामुळे गुजराती मुलांनाही अहिराणी ओळखू यायला लागली होती, निदान पळायचं कधी एवढं कळण्यापुरती.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, ‘उघडून दाखवा.’ मोबाइल दुरुस्तीवाल्याने पाठ फिरवून काही केलेलं त्यांना चालत नसे. तो म्हणायचा, ‘बेन, वॉरंटी जशे.’ या म्हणायच्या, ‘जाऊ दे. आत काय घातलंस ते मला बघू दे.’ लोचो खायचा तर ज्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, भांडं समोर दिसतं तिथेच. मुलं त्यांना पाठीमागे ‘ढक्कन मॅडम’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा हजेरी घेताना त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ढक्कन मॅडम हजर आहेत. आता तुम्ही सांगा.’

सोसायटीतला टाकीचा किस्सा मी स्वतः पाहिला आहे. पाण्याला वास येत होता. चेअरमन म्हणाले, टाकीला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे, आत काही जाणं शक्यच नाही, वास पाइपाचा असेल. बायका परत फिरल्या. मॅडम फिरल्या नाहीत. चेअरमनच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या आणि पेपर तपासायला लागल्या. शेवटी कंटाळून चेअरमननी किल्ली दिली. टाकीत कबूतर होतं, केव्हाचं मेलेलं. झाकणाच्या बाजूचा पत्रा गंजून फाटला होता, पण कुलूप मात्र शाबूत. चेअरमनना लाज वाटावी की नाही? ते म्हणाले, मॅडमनी उगाच सगळ्यांच्या मनात किळस भरवली. त्यांचं म्हणणं असं की कबुतराचं काही नाही, दाखवणाऱ्याचं चुकलं. पुढे जे झालं ते याच तऱ्हेने झालं.

त्या आठवड्यात वर्गात विषय होता, कोणतं सॉफ्टवेअर जास्त सुरक्षित, ज्याचा कोड सगळ्यांना वाचता येतो ते, की ज्याचा कोड कंपनी दडवून ठेवते ते. बहुतेक मुलं म्हणाली, दडवलेलं. चोराला आतलं दिसलंच नाही तर तो शिरणार कुठून? मॅडम म्हणाल्या, ‘चोर दार ढकलून बघतो. त्याला नकाशा लागत नाही. नकाशा लागतो तो दुरुस्त करणाऱ्याला. तुम्ही दडवता ते चोरापासून नाही, दुरुस्त करणाऱ्यापासून.’

हे ऐकायला फार छान वाटलं. पण नंतर थोड्याच दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयाचा प्रोग्राम कुणीतरी फोडला. तो मॅडमनीच बसवलेला होता आणि उघड्या कोडचा होता. पुस्तकांच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि पहिल्या पानावर कुणीतरी घाणेरडं चित्र लावलं. आम्हाला वाटलं, आज मॅडम येणार नाहीत. त्या वेळेवर आल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘चूक माझी. दुरुस्ती जाहीर झाली होती, मी बसवली नाही.’ मग नेमकी भेग कुठे होती ते आम्हाला प्रोजेक्टरवर दाखवलं. जिग्नेश नावाचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, तो फिर ओपन का फायदा क्या? त्या म्हणाल्या, ‘फायदा हाच, की तू आत्ता मला शिव्या देऊ शकतोस. उघडं आहे म्हणजे कुणीतरी पाहिलंय असं समजू नका, मीही तसंच समजून बसले. पण बंद असतं तर तू कुणाला धरलं असतंस?’

मी एवढं शिकलो त्यात हा तास सगळ्यात जास्त लक्षात राहिला, कारण चूक झाली असं मोठ्या माणसाने फळ्यावर लिहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही पाहिलेलं नाही.

आता मंडळाचं सांगतो. खानदेशातून सुरतेत आलेल्या आमच्या समाजाचं एक मंडळ आहे. दरवर्षी वधू-वर मेळावा होतो आणि परिचय पुस्तिका निघते. पुस्तिकेत मुलींचे फोन नंबर छापले की रद्दीवाल्यापर्यंत जातात, म्हणून अध्यक्ष नानांनी ठरवलं की नोंदणी आता ऑनलाइन. नंबर छापायचेच नाहीत, ते कॉम्प्युटरमध्ये राहतील आणि दोन्ही घरांची पसंती झाल्यावरच एकमेकांना दिसतील. विचार चांगला होता, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. सॉफ्टवेअर केलं नानांच्या जावयाने. त्यांचं अडाजणला ऑफिस आहे. आमच्यात त्यांचं नाव कुणी घेत नाही, सगळे जावईबापूच म्हणतात. उद्घाटनाला ते म्हणाले होते, आमचा कोड आम्ही कुणालाही दाखवत नाही, त्यामुळे तुमच्या मुली तिजोरीत आहेत असं समजा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आईनेही वाजवल्या.

आमच्या शेजारी दगडूकाका राहतात, माझ्या बाबांबरोबर उधन्याच्या लूम्सवर काम करणारे. त्यांची हर्षदा आमच्याच कॉलेजात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिक्षण संपेपर्यंत लग्न नको असं ती म्हणत होती, पण नोंदवून तर ठेवू, म्हणून काकांनी तिचं स्थळ नोंदवलं. मेळावा झाला आणि तिला फोन यायला लागले. अनोळखी माणसं. नाव, उंची, गाव, वडिलांच्या कारखान्याचा पत्ता, सगळं सांगून बोलायची. काय बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने नंबर बंद केला तर फोन कारखान्यात यायला लागले. कारखान्यात चर्चा झाली, मग सोसायटीत झाली. पोरगी कॉलेजात जाते, मोबाइल वापरते, कुणाकुणाला नंबर दिला असेल. दगडूकाका वाईट माणूस नाहीत, पण चार लोकांसमोर मान खाली गेली की माणसाला घरातलंच कुणी सापडतं. ते तिला म्हणाले, ‘नंबर तुना, फोन तुले येतस, मंग दोष कोना?’ दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद.

हर्षदा वर्गात दिसली नाही म्हणून मॅडम घरी गेल्या. तिला एकच विचारलं, हा नंबर आणि कारखान्याचा पत्ता दोन्ही एकत्र तू कुठे दिले होतेस? ती म्हणाली, मंडळाच्या नोंदणीत. फक्त तिथेच.

मॅडम तशाच नानांकडे गेल्या. जावईबापू जेवायला आले होते. मॅडम म्हणाल्या, प्रोग्राम उघडून दाखवा, मला मुलींची माहिती कुठून बाहेर जाते ते शोधायचं आहे. आता आमच्यात जावयाला काही विचारायची पद्धत नाही. त्याला पाट द्यायचा, दोन वेळा वाढायचं, वर्षातून एकदा कपडे करायचे. त्याने आणलेली वस्तू उलटीपालटी करून बघणं म्हणजे मुलीच्या संसारावर हात टाकण्यासारखं. नानांच्या पत्नी रडायला लागल्या. नाना म्हणाले, ताई, घरच्या माणसावर संशय घेता? जावईबापूंनी शांतपणे हात धुतले आणि सांगितलं की कोड दाखवला की असुरक्षित होतो, तुम्ही तर शिकवता, तुम्हाला माहीत हवं.

मला आजही याचाच राग येतो. कोड दडवण्याचं कारण सुरक्षा असतं तर निदान वाद घालता आला असता. इथे कारण एवढंच होतं की तो जावयाचा होता. कंपनी आपला कोड लपवते, तिचं काही धंद्याचं कारण असेल. आम्ही मात्र स्वतःच त्यावर झाकण ठेवून राखण करत बसलो होतो, आणि आत मुली आमच्याच होत्या.

त्यानंतर मॅडमनी जे केलं ते ऐकून सगळा गोडादरा हसला. त्यांनी मंडळाच्या वेबसाइटवर स्वतःचं स्थळ नोंदवलं. वधू, निर्मला बागुल, उंची, रंग, पगार, सगळं. फोटोही लावला, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, कपाळाला आठ्या असलेला. भाजीच्या लारीवर त्यांना बघून बायका एकमेकींना कोपरं मारायच्या. एक म्हातारी तर तोंडावरच म्हणाली, ‘या वयमा नवरा कसाले पाहिजे बाई तुले?’ मॅडम भेंडी निवडत म्हणाल्या, ‘टाकीवर चढाले.’

कॉलेजातही पोरांनी त्यांचं पान एकमेकांना पाठवलं. मी विचारायचं धाडस केलं नाही. हर्षदाच्या आईला मात्र त्यांनी सांगितलं होतं, आणि तिच्याकडून ते आमच्या घरी कळलं. मॅडमनी नवीन सिमकार्ड घेतलं होतं. तो नंबर त्यांनी जगात कुणालाही दिला नव्हता, आईलासुद्धा नाही. त्या नंबरवरून एकही फोन केला नव्हता. तो फक्त मंडळाच्या नोंदणीत भरला होता, आणि ‘नंबर गुप्त ठेवा’ या चौकटीवर खूण केली होती. आता त्या सिमवर फोन आला तर तो एकाच ठिकाणाहून येऊ शकत होता.

आणि फोन आले.

मंडळाची वार्षिक सभा रविवारी सकाळी समाजाच्या वाडीत, म्हणजे मंगल कार्यालयात होती. आम्ही सगळे घरचे गेलो होतो, तसे दरवर्षी जातो. मागे जेवणाची तयारी चालली होती. हिशेब, सत्कार, आभार झाले आणि मॅडम उठल्या. त्यांनी सिमकार्डाची सगळी हकीकत सांगितली, आणि मग हेही सांगितलं की लॉगिन न करता, दुसऱ्याच्या मोबाइलवरून, वेबसाइटच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलून त्यांचं स्वतःचं पान गुप्त नंबरासकट उघडतं. आकडा बदलत गेलं तर प्रत्येक मुलीचं उघडेल. ‘मी दुसऱ्या कुणाचं उघडलं नाही. ज्यांनी उघडलं ते मला फोन करतात.’

सभेत कुणाला राग आला असेल तर तो मॅडमचा. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, म्हणजे तुम्ही खोटं स्थळ नोंदवलं, ही समाजाची फसवणूक आहे.

‘खोटं काय आहे त्यात? वय खरं, उंची खरी, पगार खरा. चांगलं स्थळ आलं असतं तर विचार केला असता.’

मागे बायका हसल्या. तेवढ्यात मॅडमच्या हातातला मोबाइल वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. एक माणूस गोड आवाजात म्हणाला, निर्मला का? मॅडम म्हणाल्या, ‘हो, मीच वधू. तुम्हाला नंबर कुणी दिला?’ तो म्हणाला, दिला कुणी कशाला, ग्रुपवर सगळ्यांचीच यादी फिरते आहे. मग तो पुढचं बोलायला लागला.

नाना म्हणाले, ‘फोन बंद करा. इथे बायका बसल्या आहेत.’

‘याच बायकांच्या मुलींना हे फोन येतात, नाना. तुम्ही एकदा ऐकलंत, त्या रोज ऐकतात.’

त्यांनी फोन बंद केला आणि एकच मागणी केली. पैसे नकोत, माफी नको, जावईबापूंचं नावही नको. सभेने एवढाच ठराव करावा की माहिती मंडळाच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर गेली, आणि हर्षदाने आपला नंबर कुणाला दिलेला नव्हता. दगडूकाका तिसऱ्या रांगेत बसले होते. ते मान वर करून नानांकडे बघत होते. मला ते बघणं अजून दिसतं. त्या माणसाला आपली मुलगी परत हवी होती आणि एका वाक्याची गरज होती.

ते वाक्य कुणी बोललं नाही. जावईबापूंनी सांगितलं की कुणीतरी आत घुसून छेडछाड केलेली दिसते, आणि अशी छेडछाड कशी करायची हे या सभागृहात एकाच व्यक्तीला येतं. सगळ्यांनी वळून मॅडमकडे पाहिलं. ठराव झाला, पण वेगळा. समाजातल्या गोष्टी समाजाबाहेर नेऊ नयेत. मग जेवायला बसले. मॅडम जेवल्या नाहीत. माझी आईही जेवली नाही, म्हणून आम्ही कुणीच जेवलो नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. कॉलेजात तक्रार गेली की एक प्राध्यापिका लोकांच्या वेबसाइट फोडते. मॅडम कंत्राटावर होत्या. नवीन सत्रात त्यांना बोलावणं आलं नाही, कुणी कारणही दिलं नाही. हर्षदाला तिच्या वडिलांनी नंदुरबारला मामाकडे पाठवलं, लोकांचं बोलणं थांबेपर्यंत. वेबसाइट काही दिवस बंद राहिली, परत चालू झाली. आत काय बदललं, किंवा काही बदललं का, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

मॅडमना नंदुरबारच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं. जायच्या दिवशी आम्ही पाच-सहा मुलं उधना स्टेशनवर गेलो होतो, जिग्नेशही होता. त्यांच्याकडे एक ट्रंक, एक गादी आणि लॅपटॉप. आम्ही गाडी किती लेट आहे तेच पुन्हा पुन्हा बोलत होतो. त्याच म्हणाल्या की त्यांनी वधू-वर नोंदणीचा एक प्रोग्राम लिहायला घेतला आहे, उघड्या कोडचा, कोणत्याही मंडळाने फुकट वापरावा. अट एवढीच की लिहिणाऱ्यांची नावं त्यात राहू द्यावीत. मुलगी स्वतः हो म्हणेपर्यंत तिचा नंबर कुणालाच दिसणार नाही, मंडळालासुद्धा नाही. ‘तुम्ही सगळे वाचा आणि चुका काढा. माझ्या चुका असतातच.’

गाडी आली. सामान चढवलं. त्या खिडकीशी बसल्या आणि पर्समधला तो मोबाइल वाजला. ते सिम त्यांनी बंद केलेलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीतून बाहेर बघत, कपाळाला त्याच आठ्या, अगदी सभ्य आवाजात म्हणत होत्या, ‘हो, मीच वधू. तुम्हाला नंबर कुणी दिला?’ मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

त्याला वर्ष होऊन गेलं. यंदाच्या मेळाव्यात मंडळाने नवीन वेबसाइट जाहीर केली. जुनी काढून टाकली, का काढली ते सांगितलं नाही. नव्या वेबसाइटवर मुलीने परवानगी दिल्याशिवाय नंबर दिसत नाही, अशी सोय सुरतेत पहिल्यांदाच आपल्या समाजाने केली, असं नाना भाषणात म्हणाले. जावईबापूंचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला.

परवा मॅडमचा फोन आला. कुशल विचारलं नाही, ते त्या कधीच विचारत नाहीत. म्हणाल्या, ‘हर्षदा पास झाली. माझ्याच कॉलेजात होती, तिच्या मामाने फी भरली. तिच्या वडिलांना तू सांग, माझा फोन ते उचलत नाहीत. आणि तुमच्या मंडळाची नवी वेबसाइट उघड. पानावर राइट क्लिक करून सोर्स बघ, खालपर्यंत जा.’

मी उघडलं. तो मॅडमचाच प्रोग्राम होता, त्यांनी सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला. वरची नावं पुसून तिथे जावईबापूंच्या कंपनीचं नाव घातलेलं होतं, आणि सर्व हक्क राखीव. जावईबापूंनी तो पूर्ण वाचला नसावा. खाली, नंबर लपवणारा जो भाग आहे, ज्यासाठी शाल मिळाली, त्याच्या डोक्यावर एक ओळ तशीच राहून गेली होती. हा भाग कुणी लिहिला, त्याची. तिथे लिहिलं होतं, हर्षदा दगडू महाजन, गोडादरा, सुरत.